काळ्या समुद्रावर ठोक्याचं मशीन : कामाच्या नोंदी

13 सप्टेंबर 2024, शुक्रवार. मांडवी, रत्नागिरी

काल गौरी-गणपती गेले. आज दुपारी एकच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, नवं मेटल डिटेक्टर घेऊन मांडवीला उतरलो. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, त्यामुळे पाणी नावापुरतं मागे सरकलेलं. विसर्जनात पैसे पडतात, नथी पडतात, पोरांच्या बोटातल्या अंगठ्या पडतात, असा सरळ हिशोब होता.

मशीन साडेसात हजारांचं, ऑनलाइन मागवलेलं. वाळूवर धरलं की टीं, उचललं की गप्प. परत धरलं की टीं. अकरा खड्डे खणले. मिळालं काय, तर सोड्याच्या बाटलीचं एक बूच आणि मखराचे दोन खिळे.

हे दुकानात असतानाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आमच्या गावाला एक पांढरा समुद्र आहे आणि एक काळा समुद्र. मिऱ्याकडचा तो पांढरा, मांडवी काळा. तो काळा रंग इल्मेनाइटचा: लोखंड आणि टायटॅनियम असलेलं खनिज, सह्याद्रीच्या काळ्या कातळातून आणि जांभ्यातून झिजून नद्यांनी आणून टाकलेलं. सोबत थोडं मॅग्नेटाइट. काळबादेवी, मिऱ्या आणि इथल्या उपसागरांतल्या या वाळूचा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं अभ्यास केलेला आहे. स्वस्त मशीनला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याच्या लेखी अख्खा किनाराच लोखंडी.

शेजारी तीन पोरं फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून पाण्यात ओढत होती. हल्लीची एक-दोनची नाणी पोलादाची, चुंबकाला चिकटतात. त्रेचाळीस रुपये जमवले होते त्यांनी. एकानं विचारलं, "काका, तुमचा मशीन केवढ्याचा?" मी किंमत सांगितली नाही.

जेटीवर फिरायला येणारे एक निवृत्त गृहस्थ थांबले. "थिबाचं माणिक गावलं तर सांगा हो." ब्रह्मदेशचा थिबा राजा इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवला, 1916 मध्ये तो इथेच गेला. तेव्हापासून गावात कुणी कुदळ उचलली की थिबाचा खजिना निघतो. माणिक हा दगड आहे, मशीनला दिसत नाही, हे मी सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "तेच तर, म्हणून अजून गावलं नाही."

लांब टोकाला एक म्हातारा चाळण आणि परात घेऊन एकटाच बसला होता. बोलला नाही. मीही गेलो नाही.

22 सप्टेंबर, रविवार. दुकान

मशीन परत पाठवत नाही, त्याचा दांडा कामाला येईल. स्वतः बांधायचं ठरवलं, ठोक्याचं, म्हणजे पल्स इंडक्शन. तत्त्व सोपं आहे. गुंडाळीत सेकंदाला सहाशेच्या आसपास विजेचे ठोके द्यायचे, प्रत्येक ठोका झटक्यात तोडायचा आणि दहा-पंधरा मायक्रोसेकंद थांबून मग कान द्यायचा. जवळ धातूचा तुकडा असेल तर त्यात उठलेला प्रवाह लगेच मरत नाही, मागे रेंगाळतो. खाऱ्या पाण्यातला प्रवाह तेवढ्या वेळात विरून गेलेला असतो. काळ्या वाळूचे कण सुटे सुटे, त्यांच्यात प्रवाह गरगरायला जागाच नाही. ऐकायचं फक्त रेंगाळणाऱ्याचं.

तोटा एकच आणि मोठा: हे मशीन लोखंड आणि सोनं यांत फरक करत नाही. वाजलं की खणा.

मोटार वाइंडिंगवाल्याकडून 25 गेजची इनॅमल तार आणली. पंचवीस सेंटिमीटर व्यासाचे 25 फेरे. वीस मीटरच्या आसपास तार गेली, रोध पावणेदोन ओहम, मीटरवर इंडक्टन्स 340 मायक्रोहेन्री. वाइंडिंगवाल्यानं फेरे दोऱ्यानं असे बांधून दिले की मी पाहत राहिलो. मी बांधलं असतं तर वाटोळी चकली झाली असती.

6 ऑक्टोबर, रविवार

धूर. ठोक्यांची वेळ ठरवणाऱ्या 555 चिपचा एक पाय नीट डाखला गेला नव्हता. वीज चालू-बंद करणारा मॉस्फेट ठोके द्यायचं सोडून सतत चालू राहिला, गुंडाळीतून सहा अँपिअर, मी चहा घेत होतो. गुंडाळी नंबर एक संपली.

19 ऑक्टोबर, शनिवार

गुंडाळी नंबर दोन लग्नात जेवणाला असतात तसल्या दोन फायबरच्या थाळ्यांमध्ये बंद केली, पालथी एकावर एक, कडेनं एम-सील. टेबलावर दहाचं नाणं 21 सेंटिमीटरवरून कळतं, बायकोची अंगठी 16 वरून. अंगठी चाचणीसाठी मागितली तेव्हा बायकोनं विचारलं, "परत कधी?" मी म्हटलं, "आत्ता." ती तिथेच उभी राहिली.

बादलीतल्या ओल्या वाळूला थाळी टेकली की मात्र खोटा आवाज येतो. गुंडाळीला आडोसा हवा. ग्रॅफाइटची पूड लाकडी गोंदात कालवून लेप दिला. हात आठवडाभर काळे. गिऱ्हाइकांना वाटलं टोनर सांडला.

16 नोव्हेंबर, शनिवार. मांडवी आणि भाट्ये

काल पौर्णिमा झाली, म्हणजे उधाण. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा इथला जुना हिशोब. पौर्णिमेला, अमावास्येला भरती बाराच्या आगेमागे, म्हणजे सुकती पहाटे सहाच्या सुमारास. पाणी लांबवर गेलेलं, माणसं नाहीत, उजेड आहे. या कामाला यापेक्षा चांगली वेळ नाही.

मांडवीत काळ्या वाळूवर थाळी टेकवली. गप्प. पुढे सरकवली. गप्प. असं यश साजरं कसं करायचं कळेना, म्हणून खिशातलं नाणं टाकून पाहिलं. वाजलं.

मग पूल ओलांडून भाट्याला. सुरूच्या बनासमोर दीड तास. मिळालं ते असं: बाटल्यांची बुचं 31, केसांचे आकडे, गंजलेले गळ, एका पँटची अख्खी चेन, दहा पैशांचं नक्षीदार कडेचं अ‍ॅल्युमिनियमचं नाणं, आणि शिशाचे गोळे. मुठीत मावणार नाहीत एवढे.

गोळे कुणाचे ते दहा मिनिटांत कळलं. खाडीच्या तोंडाशी एक जण पाग टाकत होता. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. फेकताना ते छत्रीसारखं उघडतं आणि कडेच्या शिशानं खाली बसतं. दगडात अडकलं की दोन-चार गोळे तुटतात. त्यानं माझ्या तळहातावरचे गोळे बोटानं चिवडले, तीन वेगळे काढले. "हे माझे." आणि बाकीचे? "हे राजिवड्याच्या चाचांचे. ते भोक मोठं पाडतात." मला सगळे सारखेच दिसत होते. त्यानं एक माझ्या डोळ्यांजवळ धरला: भोकाच्या तोंडाशी चाकूनं दिलेला बारीक तिरका छाट, दोरी चिरू नये म्हणून. तो गोळे स्वतः ओततो, चुलीवर, करवंटीनं.

ठरलं असं, की शिसं त्याचं. बदल्यात तो मला पाण्याखालचे दगड कुठे आहेत ते सांगणार.

1 डिसेंबर, रविवार. मांडवी. अमावास्या

चाळणवाला म्हातारा परत दिसला. आज जाऊन बसलो.

तो झारेकरी आहे. सोनारांच्या दुकानांपुढची धूळ, भट्टीची राख, पायपुसणं झटकून निघालेला कचरा विकत घ्यायचा, धुवायचा आणि त्यातलं सोनं काढायचं, हा पिढ्यांचा धंदा. हल्ली दुकानांत फरशी आणि व्हॅक्यूम क्लीनर आले, धूळ कमी झाली. म्हणून सणावारानंतर तो समुद्रावर येतो.

माझं मशीन पाहून त्याला काही वाटलं नाही. "तुमी खणता कुठे?" विचारलं. मी म्हटलं, माणसं अंघोळीला उतरतात तिथे. त्यानं मान हलवली आणि परातीत एक ओंजळ वाळू घेतली.

परात तिरकी धरून पाण्यात बुडवली, मनगटानं एक गोल झोका दिला. पांढरी वाळू कडेवरून निसटली. परत झोका. आता तपकिरी गेली. प्रत्येक झोक्याला परातीतली वाळू बोटाएवढ्या शेपटीत गोळा होत होती आणि शेपटी काळी होत चालली होती. शेवटी चिमूटभर काळं राहिलं. त्यात त्यानं चुंबक फिरवलं, कागदात गुंडाळलेलं, म्हणजे कण झटकून टाकता येतात. उरलेल्यात त्यानं नखानं काहीतरी सारलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. नाकातल्या चमकीचं मळसूत्र, मोहरीच्या निम्म्यानं.

"जड तिथे जड," तो म्हणाला. "समुद्र पण परातच धुतो."

मी घरी येईपर्यंत स्वतःवर वैतागलो होतो. साधी वाळू पाण्याच्या अडीच-पावणेतीनपट जड, इल्मेनाइट साधारण पावणेपाचपट, सोनं एकोणीसपट. लाट मागे जाताना हलकं घेऊन जाते, जड तिथेच टाकते. काळा पट्टा म्हणजे समुद्राच्या परातीतली शेपटी. अंगठी पडते एकीकडे आणि महिन्यानं असते त्या पट्ट्यात. सप्टेंबरात ज्या पट्ट्यावर मशीन बोंबललं म्हणून मी शिव्या घालत घरी गेलो, शोधायचं तिथेच होतं. मशीन वेडं होतं आणि मी त्याच्याहून.

8 डिसेंबर

काळ्या पट्ट्यात चार तास. भोकाचा पैसा, 1944 चा. चांदीची साखळी, तुटकी. पाचची नाणी चार. एक पितळी निरांजन. पागवाल्याला सव्वा किलो शिसं.

भोकाचा पैसा निवृत्त गृहस्थांना दाखवला. ते थिबाला विसरले. लहानपणी धाकट्या भावाच्या करगोट्यात असला पैसा ओवलेला होता म्हणाले, आणि बराच वेळ भोकातून समुद्राकडे पाहत राहिले.

15 डिसेंबर

सागरी सुरक्षेचे हवालदार आले. 2008 नंतर किनाऱ्यावर वायर-बॅटरीवाला माणूस दिसला की विचारणारच, आणि विचारावंही. "बॉम्बबिम्ब शोधताय काय?" मी थाळ्या उघडून दाखवल्या. मग कायद्यावर बोलणं आलं. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदा वेगळाच. हवालदारांनी माझ्या डब्यातलं दहाचं नाणं उचललं. "मग हे?" दहाहून जास्त म्हटलंय, दहा नाही. ते बराच वेळ हसले.

माझे नियम वहीच्या पहिल्या पानावर आहेत: किल्ल्याच्या बाजूला मशीन न्यायचं नाही, जुनं काही वाटलं तर हलवायचं नाही, खड्डा बुजवायचा, मालक कळला तर वस्तू मालकाची.

28 डिसेंबर, शनिवार. भाट्ये

भाट्याच्या भेळवाल्या वहिनी आता माझ्या जाहिरातदार आहेत. त्यांच्या गाडीपाशी सगळी हरवाहरव येते. "शनिवारी चष्मे, रविवारी चपला, आणि नवीन लग्नाची असली की अंगठी," असा त्यांचा अनुभव. आज त्यांचा फोन: "लवकर या, माणूस रडायचा बाकी आहे."

गडहिंग्लजकडची मंडळी, गाडी करून आलेली, दहा जणं. कमरेएवढ्या पाण्यात लाट बसली आणि बायकोचं मंगळसूत्र तुटून गेलं. अडीच तोळे. आजच्या भावानं दोन लाखांच्या घरात. नवरा ओल्या पँटनं वाळूवर येरझारा घालत होता. वाट्या दोन, एकीला चेप आलेला, मध्ये पोवळं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. फोन नंबर घेतला. चारला सुकती होती, सहापर्यंत शोधलं. बुचं 14.

"काय घावलं का, साहेब?" दर पाच मिनिटांनी. आमच्याकडे गावतं, घाटावर घावतं. तेवढ्या वेळात मला हा फरक कायमचा पाठ झाला.

29 डिसेंबर, रविवार

मंडळी मुक्काम वाढवून थांबलेली. सकाळी नवरा चहा आणायला गेला तेव्हा ती माझ्यामागून चालत आली. डोक्यावर पदर, हातात चपला.

"दादा, ते एक ग्रॅमचं हाय."

मी मशीन थांबवलं.

"खरं गहाण हाय. भावाच्या दवाखान्यापायी. ह्यांस्नी ठाव न्हाई. लई खणू नका."

आणि लगेच चार पावलं मागे, कारण नवरा कागदी कप सांभाळत येत होता.

मी हेडफोनचा आवाज बंद केला आणि आणखी अर्धा तास नेमानं, पट्टे पाडून, थाळी फिरवत राहिलो. या प्रकल्पातली सर्वांत शांत चाचणी. नवऱ्यानं निघताना पाचशे रुपये पुढे केले, घेतले नाहीत. त्याला वाटलं मी मोठा माणूस आहे. म्हणाला, "घावलं तर निम्मं तुमचं."

2 फेब्रुवारी 2025, रविवार. गावखडी

नवी जागा म्हणून पूर्णगडच्या पुढे गेलो. पंधरा मिनिटांत कासवमित्र धावत आला. ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे दिवस. मादी भरतीरेषेच्या वर, हातभर खोल अंडी घालते आणि वाळू सारखी करून जाते. वरून काही कळत नाही. त्यानं पायानं रेघ मारली: "हिच्या वर नाही." रेघेच्या खाली तरी खणू का, विचारलं. तो म्हणाला, खणा, पण रात्री खड्डा राहिला तर पिल्लू त्यात पडतं. मशीन गाडीत ठेवलं आणि त्याच्याबरोबर कुंपण घातलेली घरटी बघितली. मशीनचं काम शून्य. वहीत नवा नियम: नोव्हेंबर ते मे, विणीच्या किनाऱ्यावर जायचं नाही.

23 फेब्रुवारी

गुंडाळी नंबर तीन. थाळ्यांना भेग गेली होती, पाणी शिरून वार्निश फुगलं. या वेळी आत एपॉक्सी ओतलं. वजन वाढलं, खांदा दुखतो. गडहिंग्लजच्या नवऱ्याचा फोन आला होता. महाशिवरात्रीला समुद्र मागे जातो का, विचारत होता. अमावास्या जवळ असते, थोडा जातो, म्हटलं.

16 मार्च, रविवार. भाट्ये

शिमग्याची पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले. उधाणानं किनारा कापला आहे, वाळूची गुडघाभर उंच कड तयार झाली आहे, आणि पावसाळ्यात पऱ्या, म्हणजे ओढा, जिथून समुद्राला मिळतो तिथे कडेखाली काळा पट्टा उघडा पडलाय, दोन हात रुंद. झारेकरी बाबांना मीच बोलावलं होतं. मी थाळी फिरवत होतो, ते मागून परात.

तिसऱ्या फेरीला आवाज आला, दोनदा, जवळजवळ. वीतभर खाली. आधी वाटलं शिसं. हातात आली ती वाटी. मग दुसरी, तिच्या टोकाला तारेचा तुकडा आणि त्यात दोन काळे मणी. पोवळं नव्हतं. डाव्या वाटीला चेप.

अडीच महिन्यांत मुलामा जवळजवळ गेला होता. आतून पितळ, कडेनं हिरवं चढलेलं. हे खरं मंगळसूत्र नव्हतं हे कुणा पोरालाही कळलं असतं. बाबांनी घेतलं, नखानं खरवडलं, परत दिलं. "पितळ. द्या टाकून."

मी रुमालात बांधलं. पुढे शोधायचं मन झालं नाही. वहिनींनी विचारलं, "काय गावला काय?" त्यांना शिशाचे गोळे दाखवले.

नियम वहीत आहे, मालक कळला तर वस्तू मालकाची. मालक कोण ते मात्र मी त्या पानावर लिहिलेलं नाही.

30 मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारून दुकानात आलो तोच फोन. गडहिंग्लज. आधी शुभेच्छा. मग म्हणाला, आज मुहूर्तानं नवीन करायला टाकलं, दीड तोळ्यांचं. बायको नको म्हणत होती, पण गळा रिकामा बघवेना.

मी म्हटलं, चांगलं केलंत.

"जुनं आता घावायचं न्हाई न्हवं, साहेब?"

"सोनं जड असतं. खोल जातं."

"मग ऱ्हाऊ दे तिथंच," तो म्हणाला. त्याच्यामागून बायकोचा आवाज आला, कुणाचा फोन म्हणून. त्यानं सांगितलं, रत्नागिरीच्या साहेबांचा. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांस्नी म्हणावं, पाडव्याचं जेवा आमच्याकडं एकदा येऊन."

संध्याकाळी सुकती साडेसहाला. बॅटरी चार्जिंगला लावली आहे.